खालच्या मैदानातले तीन खड्डे

वरचा तळ, १८ एप्रिल १९५९

लोदोइ,

पत्र मिळालं. अर्धं पान तू जनावरं कशी आहेत, वसंत कसा चाललाय, गवत कसं आहे, हे विचारण्यातच घालवलंस. जनावरं चार पायांवर आहेत, वसंत वाऱ्याचा आहे, गवत अजून नाही. झालं. पुढच्या वेळी हे गाळ. मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. मला साक्षरता वर्गात बसवलं तेव्हा चाळिशी उलटली होती. तुझ्यासारखी दहाव्या वर्षी शहरात नाही गेले मी.

मुद्द्याचं तू शेवटी लिहिलंस. जूनमध्ये तू फावडी आणि चार माणसं घेऊन आपल्या खोऱ्यात येणार, जमीन उकरून बघणार आणि ठरवणार, ट्रॅक्टर वरच्या उतारावर घालायचे की खालच्या मैदानात. आपल्या आईनं उभ्या जन्मात जमिनीत तंबूघराच्या खुंट्यापलीकडे काही घातलं नाही. तळ हलवताना खुंटा उपटला की भोक बुजवून वर टाच मारायची, मगच घोड्यावर बसायची. तिचा मुलगा जमीन उकरायचा पगार घेतो. असो. सरकारला गहू हवाय, माझ्या बोलण्यानं ते थांबणार आहे का?

सरळ सांगते. वरचा उतार हा माझा हिवाळी तळ आहे. पाठीशी डोंगर, वाऱ्याला आडोसा, आणि मेंढवाड्यात चाळीस वर्षांच्या लेंड्यांची गादी. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते त्या थंडीत मेंढी त्या गादीवर बसते म्हणून जगते. सहकारी संस्थेच्या साडेतीनशे मेंढ्या माझ्या हवाली आहेत. तळ गेला तर पहिल्या हिवाळ्यात मेंढ्या जातील, त्यांच्यामागून मी.

आणि मातीचं म्हणशील, तर माझ्याकडे चार बोटं काळी, मग तेवढीच तांबूस चिकट, मग पांढरी चुनखड, खाली गोटे. त्याला खड्डा कशाला? तार्बाग बीळ खोदतो तेव्हा दारात पांढरा ढीग टाकतो. आंधळ्यालाही दिसेल.

खालचं मैदान नावानकडे आहे. तिथे काही जागी गवत घोड्याच्या पोटाला लागतं. काळी माती कमरेएवढी निघेल. तिथे खण. नावान तरणा आहे, बायको धडधाकट आहे, कुठेही जाऊन राहतील.

येताना चहाची वीट आण. इथे मिळते ती नुसत्या काड्यांची असते.

तुझी अक्का
सेव्जिद


शहर, ६ मे १९५९

अक्का,

तू चिडलीस तरी विचारतोच. बरी आहेस ना? गुडघा कसा आहे? चहा घेऊन ठेवलाय, दोन विटा.

तुला वाटतं तसं माझ्या हातात सगळं नसतं. नियम आहे. एका पट्ट्यात तीन खड्डे, छातीएवढे खोल. मग एक भिंत सुरीनं तासायची, म्हणजे थर उघडे पडतात. वरचा काळपट थर म्हणजे गवताची हजारो वर्षं कुजलेली मुळं. आपला मुलूख गार आणि कोरडा, पाऊस खोलवर जातच नाही. जिथवर जाऊन थांबतो तिथे चुना सोडतो, म्हणून खाली तो पांढरा थर. नांगराला वरचा काळा थर निदान वीतभर लागतो. त्याहून कमी असला की फाळ चुना वर आणतो, मातीचं पीठ होतं आणि दोन वसंतांत वारा ते उचलून नेतो. हे मी पुस्तकात शिकलो, तू तार्बागाकडून शिकलीस, एवढाच फरक.

आता माझं ऐक. यंदा चार खोऱ्यांना मी नाही म्हटलंय. मागच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, लोदोइ, तुझ्या तोंडात एकच शब्द आहे का? सगळे हसले, मीही हसलो. पाचव्यांदा नाही म्हटलं तर माझ्या खुर्चीत दुसरा बसेल, आणि तो हसतमुखानं हो म्हणेल.

नातं बघून मी जमीन ठरवू शकत नाही. पण खड्डे कुठे घ्यायचे ते तिथल्याच जाणत्या माणसानं दाखवायचं असतं, आणि या जागा साऱ्या पट्ट्यासारख्याच आहेत अशी सही करायची असते. तुला लिहिता येतं. तू जाणती आहेस. यापुढे काय लिहू?

तुझा धाकटा
लोदोइ


वरचा तळ, ३ जुलै १९५९

लोदोइ,

तुम्ही गेलात त्याला दहा दिवस झाले. तुझी एक वही इथे राहिली, ती ट्रकवाल्याकडे देते. तुझ्या त्या लाल केसांच्या पोऱ्यानं माझ्या उंबऱ्यावर पाय दिला, ते मी पाहुणा म्हणून गिळलं. तूही आत टोपी घालून बसलास आणि मटण चिमटीनं उचललंस. शहरात दात पडले की काय?

खड्डे मात्र छान निघाले. मी दाखवल्या त्या तिन्ही जागी काळी माती कमरेपर्यंत. तुझी माणसं टाळ्या पिटायला लागली. तू तेवढा खड्ड्यात उभा राहून ढेकूळ हातात घेतलंस, नाकाशी नेलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, काय रे, सर्दी झालीय का? तू म्हणालास, नाही, माती चांगली आहे. मग कागद पुढे केलास आणि मी सही केली. तुझी माणसं म्हणाली, आजीचं अक्षर कसं ठसठशीत आहे.

दुसऱ्या दिवशी नावान आला. तपकिरीची कुपी पुढे केली, झाकण घट्ट लावलेलं. आपल्याकडे याचा अर्थ मैत्री तुटली, हे तुला सांगायला नको. मी हुंगल्यासारखं केलं आणि परत दिली. चहा प्यायला, जनावरांचं विचारलं. मग म्हणाला, अक्का, दोन दिवसांच्या रपेटीचं मैदान आहे, त्यात या तीनच जागा कशा गं सापडल्या तुला?

मी म्हटलं, गवत उंच दिसलं.

"गवत तिथेच उंच का येतं ते तुला ठाऊक आहे."

"मग सांग की जाऊन सहकारीच्या अध्यक्षाला. इथून तीन तासांचा तर रस्ता आहे."

गप्प बसला. बसणारच. का, ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही. तुला गरज नाही. जाताना उलट्या हातानं दार लावून गेला.

ट्रॅक्टर कधी येतात ते कळव. त्याआधी मला मेंढ्या तिकडून वळवायच्या आहेत, त्यांना धूर सोसत नाही.

अक्का


शहर, २० सप्टेंबर १९५९

अक्का,

अहवाल मंजूर झाला. ऑगस्टमध्ये मैदान नांगरून झालं, ते तू पाहिलं असशीलच. साहेबांनी पाठ थोपटली. मला विभागाचा उपप्रमुख केलंय, आणि भिंतीतून गरम पाण्याचे नळ जातात अशी खोली मिळालीय. बायको रोज त्यांना हात लावून बघते.

एक सांगायचंय. नावान इथे आला होता. तीन दिवस ट्रकच्या मागं, लोकरीच्या गाठोड्यांवर बसून. माझ्या कचेरीच्या दारात सकाळपासून उभा. आत घेतलं तर बसेना. म्हणाला, त्या तिन्ही जागी माझ्या आज्याचे मेंढवाडे होते. तुम्ही खणलंत ती माती नव्हे, शंभर वर्षांच्या कुजलेल्या लेंड्या आहेत. वाड्याबाहेर दहा पावलांवर खणून बघा, चार बोटांखाली तांबडं, मग पांढरं लागेल. पहिल्या नांगरटीतच लागलंय, येऊन बघा.

मी उठून दार लावलं.

"तीन वाडे," मी म्हटलं. "एवढे जाड थर साठायला किती मेंढ्या लागतात रे?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"दोन हजार? तीन? एवढ्या कळपाच्या धन्याचा नातू सहकारीत कसा शिरला? तुझ्या अर्जात आज्याच्या नावापुढे काय लिहिलंयस, गरीब गुराखी ना? हे सगळं लिहून घेऊ का? कागद आहे माझ्याकडे."

पस्तिसाव्या वर्षी माणूस उभ्या उभ्या म्हातारा होतो हे मी पाहिलं. अशा धनवान घरांतली माणसं वीस वर्षांपूर्वी पकडून कुठे नेली ते त्याला ठाऊक आहे, तुला-मलाही आहे. त्यानं टोपी घातली, चुकलं माझं म्हणाला आणि गेला. मी त्याला परतीच्या प्रवासाला पाव दिला. तो त्यानं बाकावर ठेवला.

तुला या वाड्यांचं काही ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालतो. मलाही नव्हतं. माती काळी होती, एवढंच.

लोदोइ


वरचा तळ, ११ मार्च १९६०

लोदोइ,

धरून चालू नकोस. खड्ड्यात तू ढेकूळ हुंगलंस तेव्हाच तुला कळलं. लेंडीचा वास हजार वर्षांनीही जात नाही, आणि तुला आपल्या आईचं नाक आहे. मी तुला फसवलं असं मला सहा महिने वाटत होतं. वाईटही वाटत होतं थोडं. आता वाटत नाही. दोघांनी मिळून केलं, तर दोघांनी केलं म्हणावं.

इथलं ऐक, परत विचारू नकोस. नावानला ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या खडकाळ डोंगरावर पाठवलं. तिथे आजवर कुणी हिवाळा काढलेला नाही. वाडा नवा, खाली नुसते गोटे. डिसेंबरात मेंढ्या बसायला गेल्या त्या जमिनीला चिकटल्या. सकाळी नावान उठवायला गेला तर लोकर खालीच राहिली. मग त्या बसेनाशा झाल्या. उभ्या उभ्या मेल्या, एकमेकींना टेकून, म्हणून दुरून जिवंत दिसायच्या. दोनशेतल्या एकतीस उरल्या.

पांढऱ्या महिन्यात, नव्या वर्षाच्या भेटीला, मी गेले होते. जावं लागतं. नावान बाहेर होता. त्याची बायको खान्द उठून बसली आणि दोन्ही हातांनी चहा दिला. तिच्या छातीत घुरघुर ऐकू येत होती. तिनं मला एकच विचारलं, अक्का, तुमच्या वाड्यातली गादी किती जाड आहे?

मी म्हटलं, गुडघाभर.

"एक गाडीभर द्या. आमच्या वाड्यात पसरू. उरलेल्या तरी बसतील."

मी म्हटलं, ती सहकारीची आहे, मला देता येत नाही. लोदोइ, लेंड्या सहकारीच्या नसतात. लेंड्या कुणाच्याच नसतात. पण एक गाडी दिली की गादी फुटते, फटीतून गारवा वर येतो आणि माझ्या मेंढ्या पडतात. मी माझं बघितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, आणि मला आणखी चहा ओतला.

ती नऊ तारखेला गेली. परवा. छाती भरली म्हणे. मी जाणार नाही.

माझ्या मेंढ्यांतली एकही पडली नाही. अध्यक्षानं सभेत माझं नाव घेतलं.

अक्का


शहर, ५ ऑक्टोबर १९६०

अक्का,

तुझं मार्चचं पत्र वाचून जाळलं. असलं लिहीत जाऊ नकोस. पत्रं वाटेत उघडली जातात. माझ्या नाकाबद्दल तर मुळीच नको.

बातमी चांगली आहे. खालच्या मैदानात पहिलं पीक आलं. कणसं बोटाएवढी. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, ट्रॅक्टरच्या टपावर अध्यक्ष आणि खाली मी. कात्रण सोबत आहे. डावीकडचा हात तेवढा माझा दिसतो. साहेब म्हणाले, बघा, हो म्हणायला शिकलं की जमीनही हो म्हणते.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पहिल्या वर्षी मुळांचा जोर असतो, खरं पुढेच कळतं, तेव्हा बघू. सगळेच पुढचं पुढे बघतायत, मी एकट्यानं आत्ता बघून काय होणार?

नावानचं ऐकलं. वाईट झालं. त्याला सहकारीनं दुसऱ्या मेंढ्या द्याव्यात असं मी अध्यक्षांच्या कानावर घालणार होतो, पण मग माझा त्याच्याशी संबंध काय असं विचारलं असतं.

थंडी पडली की एक मेंढी गोठवून ट्रकवाल्याकडे दे. इथलं मटण म्हणजे भिजलेली चिंधी.

लोदोइ


वरचा तळ, २८ मे १९६१

लोदोइ,

मेंढी पाठवली होती, पोचली का ते कळवलं नाहीस. म्हणजे पोचली.

वाऱ्याचं सांगते. एप्रिलच्या मध्याला उठला तो अजून बसलेला नाही. पहिल्या दिवशी तपकिरी ढग उठला, सगळ्यांना वाटलं कुठेतरी गवत पेटलंय. दुसऱ्या दिवशी तांबूस. चौथ्या दिवसापासून पांढरा. नांगरानं काळं खाली घातलं, तांबडं वर आणलं, तांबड्यामागून चुना. सगळं क्रमानं निघून गेलं, जसं तू मला पत्रात लिहिलं होतंस तस्सं. पेरलेलं बी उघडं पडलं, ते पाखरांनी खाल्लं. आता मैदानात पांढरं तेवढं उरलंय, आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उभ्या आहेत, खाली नव्हे, वर. दाबलेली माती तेवढी राहिली.

आणि तुझे ते तीन खड्डे, तिथली तीन वर्तुळं मात्र अजून काळी आहेत. मेंढ्यांनी शंभर वर्षं तुडवलेलं वारा कसा नेईल? वरच्या उतारावरून बघितलं तर पांढऱ्या मैदानात तीन गोल डाग स्पष्ट दिसतात. माझ्या दारातून दिसतात. तोंड फिरवून दार दुसरीकडे करता येत नाही, आपल्या घरांचं दार दक्षिणेलाच असतं.

धूळ माझ्याकडेही आलीय. मेंढ्यांच्या लोकरीत जाते, डोळ्यांत जाते. गवत दातांखाली करकरतं. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात झिजले. पण तळ शाबूत आहे. चार बोटं माती, वर गवताची गच्च वीण, तिला कुणी नख लावलेलं नाही, म्हणून तो वारा वरून निघून जातो. एवढंच माझं म्हणणं होतं.

नावान आता सहकारीच्या ठाण्याच्या गावात लाकडं फोडतो. परवा दिसला. मी हाक मारली नाही.

तिथे कुणी विचारायला लागलंय का?

अक्का


शहर, १४ सप्टेंबर १९६१

अक्का,

विचारायला लागलेत.

मी मुद्द्याचं आधी लिहितो, तुला तसंच आवडतं. ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती येईल. खालचं मैदान का गेलं हे त्यांना शोधायचंय. वारा म्हणून भागलं तर ठीक. पण खड्डे चुकीच्या जागी घेतले, आणि ते कुणीतरी मुद्दाम दाखवले, असं निघालं तर त्याला ते घातपात म्हणतील. कागदावर जागा दाखवणारा जाणता साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. मी फक्त दाखवलं तिथे खणलं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही, कागदात जे आहे ते सांगतो.

दुसरं. गेलेल्या मैदानाइतकी जमीन दुसरीकडून भरून द्यायची आहे. आकडा वरून आलाय, तो कमी होत नाही. त्या खोऱ्यात उरतो तो तुझा उतार. मी येऊ शकणार नाही, म्हणून तिन्ही खड्ड्यांचे तक्ते इथेच भरलेत. काळा थर बावीस बोटं लिहिलाय. सही तुझी लागेल. तू पहिल्या कागदावर सही केलीस, तीच साक्षीदार दुसऱ्यावर असली तर दोन्ही कागद खरे वाटतात. दुसरी कुणी असली तर ते दोन्ही सह्या पडताळून बघतील.

तुला उत्तरेच्या डोंगरावरचा तळ मिळेल. अध्यक्षांशी बोललोय. तिथे वाडा तयार आहे, दोन हिवाळे झालेत, थोडी गादी बसली असेल.

तू म्हणशील, हाच तो उतार वाचवायला हे सगळं सुरू झालं. मला ठाऊक आहे. पण जागा कशा दाखवायच्या असतात ते मी तुझ्याकडूनच शिकलो. मला सहा वर्षांची मुलगी आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिचं नाव आईचंच ठेवलंय.

समितीतले विचारतील, तिथे कधी मेंढवाडे होते का. एका शब्दाचं उत्तर आहे.

लोदोइ


ठाण्याचं गाव, २ नोव्हेंबर १९६१

लोदोइ,

समिती येऊन गेली. सहा माणसं, दोन जीपगाड्या. अध्यक्षाच्या घरात बसले. मला आणि नावानला बोलावलं.

नावान सगळं बोलला. त्याला आता कशाचीच भीती नाही, बायको नाही, मेंढ्या नाहीत. म्हणाला, माझ्या आज्याकडे अडीच हजार मेंढ्या होत्या. लिहा. मी अर्जात खोटं लिहिलं. तेही लिहा. त्या तिन्ही जागी त्याचे वाडे होते. सेव्जिद अक्काला विचारा, आठव्या वर्षापासून नऊ वर्षं तिनं त्याच वाड्यांत आमच्या आज्याच्या मेंढ्या राखल्या.

खरं आहे. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. नऊ वर्षं, पोटावारी. बूट देत नसत. पाय गारठले की गाय मुतेल तिथे धावत जाऊन उभं राहायचं. म्हातारा मला नावानं कधी बोलवत नसे, शीळ घालायचा. म्हणून खालचं मैदान दाखवताना मला काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. पण नावान त्या म्हाताऱ्याचा नातू म्हणून मी त्याच्या मेंढ्या मारल्या, असं मी खान्दला कसं सांगणार होते? तिनं मला दोन्ही हातांनी चहा दिला होता.

समितीतल्या चष्मेवाल्यानं मला विचारलं, "आजी, तिथे मेंढवाडे होते का?"

मी म्हटलं, "नव्हते."

"तुम्ही तिथे कधी कामाला होता?"

"नाही."

नावान माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तिला बूट काढायला सांगा. डाव्या पायाची दोन बोटं त्याच वाड्यात गळून पडलीत."

समितीतला एकजण हसला. चष्मेवाला म्हणाला, म्हाताऱ्या बाईचे बूट काढायला आम्ही आलेलो नाही. मी बूट काढले नाहीत. तू लहान असताना रात्री माझी बोटं मोजायचास आणि आठवर थांबून परत पहिल्यापासून मोजायचास. तेव्हा तुला खोटं मोजता येत नव्हतं.

नावानला त्यांनी जीपमध्ये मागे बसवलं. अडीच हजार मेंढ्या त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्या होत्या, त्यांना आणखी काय हवं होतं? घातपातीही तोच ठरला. धन्याचा नातू, जमीन गेली म्हणून बी पेरणीत काहीतरी केलं, असं लिहून घेतलं. मी ते वाचलं. मला वाचता येतं हे सगळे विसरतात. जीप निघताना तो म्हणाला, बरं आहे, अक्का. आपल्यात निरोप घेताना म्हणतात तसं.

मग त्यांनी तुझा कागद काढला. बावीस बोटं. त्याच्यावरही सही केली. ठसठशीत.

तुझ्या मुलीसाठी केली असं समजू नकोस, मी तिला ओळखत नाही. तुझ्यावर माया म्हणूनही नाही, ती खड्ड्यातच संपली. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. तुला मी सात वर्षं पाठीवर वाहिलं. मी वाढवलेलं जनावर लांडग्यानं नेलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, तेवढ्यासाठी केली.

ट्रॅक्टर जमीन पुरती गोठायच्या आत आणले. काल सकाळी वरच्या उतारावर पहिला फाळ घातला. मी घोड्यावर बसून बघत होते. चालवणारा पोरगा दोनशे पावलं गेला, थांबला, उतरून मागे आला आणि नांगरलेली पांढरी माती बुटानं उकरून बघायला लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आजी, कागदावर तर काळी आहे.

मी म्हटलं, कागदावर आहे ना, मग चालव.

त्यानं चालवलं.

मेंढवाड्यातली गादी त्यांनी फावड्यांनी काढून ढीग घातलाय. मी दोन गाड्या मागितल्या. उत्तरेच्या डोंगरावर न्यायला. अध्यक्ष म्हणाला, ती सहकारीची आहे, मला देता येत नाही.

मेंढ्या मी परत केल्या. घर मोडून इथे आणून विकलं, कारण ते लावायला दोन माणसं लागतात. डोंगरावर जाणार नाही, दुसरीकडे कुठे ते ठरलं नाही. ट्रकवाल्याला सांगून ठेवलंय, तुझं पत्र आलं तर घेऊ नकोस, कारण जिथे द्यायचं ते दार आता नाही.

सेव्जिद